गाळ्याचा धनी कोण?

पुरस्कर्ता : पुण्यासारख्या वाढत्या शहराच्या अर्थव्यवहारात मॉल या संस्थेने गेल्या पंधरा वर्षांत जी जागा मिळवली आहे, तिच्याकडे केवळ विलासाचे आणि उधळपट्टीचे लक्षण म्हणून पाहण्याची जी रीत आपल्या विचारी वर्गात पडली आहे, ती मला अन्यायाची वाटते. २०११ साली विमाननगरला फीनिक्स मार्केटसिटी आणि हडपसरला अमनोरा हे दोन विस्तीर्ण मॉल उघडले, तेव्हा शहराच्या पूर्वेकडे हजारो कुटुंबे नव्याने राहावयास गेली होती. त्यांच्या मानाने तिथला बाजार अगदीच तोकडा होता, आणि लग्नाचा बस्ता बांधावयाचा तर लक्ष्मी रस्ता व संसाराची भांडीकुंडी घ्यावयाची तर तुळशीबाग गाठण्यावाचून त्यांना गत्यंतर नव्हते. पश्चिमेकडे वाकडला तीच स्थिती होती आणि तिथे २०२३ मध्ये मॉल ऑफ द मिलेनियम उभा राहिला. जिथे वस्ती गेली तिथे बाजार गेला, एवढाच याचा अर्थ आहे. पेशवाईत याच शहरात हेच घडत नव्हते काय? नवी पेठ वसवावयाची म्हणजे उदमी लोकांस कौल द्यावयाचा, काही वर्षे जकात आणि पट्टी माफ करावयाची, शेटे-महाजन नेमावयाचे, आणि ओसाड माळावर चार वर्षांत बाजार गजबजवावयाचा, हा त्या काळच्या राज्यकर्त्यांचा शिरस्ता होता. सदाशिव पेठ, नाना पेठ ही नावे आज आपल्याला सनातन वाटतात, परंतु कोणे एके काळी तीही शहराच्या कडेला टाकलेली नवी वसाहतच होती. आणि आजच्या या नव्या पेठेत प्रत्येक वस्तूची पावती मिळते, कर भरला जातो, नोकराचा पगार बँकेत जमा होतो, आणि ज्या शहरात भर बाजारपेठेत स्त्रीला स्वच्छ शौचालय शोधीत हिंडावे लागते, त्या शहरात तिला निदान एका इमारतीत तरी ही अडचण भासत नाही. ही शेवटची गोष्ट कोणी क्षुल्लक समजू नये. सकाळी घर सोडून तिन्हीसांजेपर्यंत बाजारात राहणाऱ्या बाईला विचारा, म्हणजे तिचे मोल कळेल.

आक्षेपक : शौचालयाची गोष्ट मी क्षुल्लक समजत नाही, उलट नगरपालिकेने जे कर्तव्य करावयाचे ते एका खाजगी मालकाने करावे आणि आपण त्याचे ऋणी व्हावे, याची मला लाज वाटते. परंतु आपण पेठेचा जो दाखला दिला, तोच मला आपल्या विरुद्ध बाजूचा वाटतो. पेठ वसवताना सरकारने कौल दिला तो कोणाला? तिथे येऊन घर बांधणाऱ्या, दुकान थाटणाऱ्या, कुटुंबासह मुळे रोवणाऱ्या माणसाला. त्याने स्वतःच्या पैशाने वाडा बांधला, पुढच्या पडवीत दुकान केले, आणि पेठेची भरभराट झाली तशी त्याच्या जागेची किंमत वाढली ती त्याच्याच घरात राहिली. मॉलमधल्या दुकानदाराचे पाहा. त्याचा गाळा त्याचा नसतो. ठराविक मुदतीच्या लीव्ह अँड लायसन्सच्या करारावर तो तिथे बसतो, किमान भाडे किंवा विक्रीतला ठरलेला हिस्सा यांतले जे अधिक असेल ते देण्याची अट पुष्कळदा त्याच्यावर असते, आणि वर जिने, दिवे, थंड हवा, पहारा यांच्या देखभालीची पट्टी निराळी. त्याने वर्षानुवर्षे गिऱ्हाईक जोडले, जागेला नाव मिळवून दिले, तरी मुदत संपताच वाढलेले भाडे मागावयास मालक मोकळा. पेठेत व्यापारी हा पेठेचा भागधारक होता. इथे तो पाहुणा आहे. एवढा फरक असताना दोन्हींना एकच नाव देणे मला मान्य नाही.

पुरस्कर्ता : पाहुणा म्हणा, परंतु त्याच्या पदरी काम करणाऱ्या मुलीकडेही पाहा. हडपसर-मांजरीच्या बाजूची, बारावी झालेली, घरात तिच्या आधी कोणी बाई नोकरीला गेलेली नाही, अशी मुलगी लक्ष्मी रस्त्यावरच्या कापडाच्या पेढीवर आपल्या लहानपणी आपण कधी पाहिली होती काय? तिथे गादीवर बसणारा मालकाचा पुतण्या किंवा मेहुणा, आणि साड्या उलगडणारा मालकाच्या गावचा किंवा जातीचा. त्या पेढ्यांची सचोटी मी नाकारीत नाही, परंतु त्यांचे दार ओळखीच्या माणसालाच उघडत असे. मॉलमध्ये नोकरीसाठी नाते लागत नाही. वीस किंवा अधिक नोकर असलेल्या आस्थापनेला भविष्यनिर्वाह निधीचा कायदा लागू होतो, म्हणून तिच्या नावावर दरमहा चार पैसे साठतात. आपण ज्या जुन्या दुकानांचे गुण गाता, त्यांतली बहुतेक दुकाने एवढी लहान की हा कायदा त्यांच्या उंबऱ्याबाहेरच थांबतो.

आक्षेपक : हे खरे आहे, आणि जातीचा मुद्दा तर मी शिरसावंद्य मानतो. तरीही त्या गादीजवळ आणखी थोडा वेळ थांबा. पांढऱ्या स्वच्छ गादीवर मांडी घालून बसलेला तो नोकर गिऱ्हाइकाच्या चेहऱ्याकडे पाहून कोणत्या कपाटातला गठ्ठा काढावयाचा ते ठरवतो. पदर बोटांत चिमटून जर खरी की खोटी ते सांगतो. एका मागोमाग वीस साड्या उलगडून टाकतो आणि बाई उठून गेल्या तरी कपाळाला आठी न पाडता त्या पुन्हा घडीवर घडी बसवून ठेवतो. दिवाळीआधी सुरतेला माल भरावयास मालकाबरोबर जातो, उधारी कोणाला द्यावी व कोणाला देऊ नये हे ऐकतो, आणि पंधरा वर्षांनी त्यांतला एखादा उपनगरात स्वतःचे दुकान टाकतो. तो पगार घेत होता आणि व्यापारही शिकत होता. आपल्या मांजरीच्या मुलीला तिथे शिकावयास काय आहे? माल कोणता यावा हे मुंबईच्या किंवा बंगळूरच्या कचेरीत ठरते, किंमत चिठ्ठीवर छापून येते, उधारीचा प्रश्नच नाही. ती सकाळी अकरापासून रात्री नऊपर्यंत उभी असते, बसावयास मिळेल ते जेवणाच्या सुटीपुरते, आणि घरी जाताना मागच्या दाराशी पहारेकरी तिची पिशवी उघडून पाहतो. दुकानातल्या नोकरांना बसावयास आसन द्यावे, एवढी साधी गोष्ट केरळाला २०१८ मध्ये आणि तामिळनाडूला २०२१ मध्ये कायदा दुरुस्त करून सांगावी लागली. आपल्या राज्याने २०१७ चा नवा दुकाने व आस्थापना कायदा केला तेव्हा दुकाने वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस उघडी ठेवण्याची मुभा दिली. आसनाचा स्पष्ट हक्क मात्र त्या मुलीच्या पदरी पडला नाही.

पुरस्कर्ता : मग आसनाचा कायदा मागा; मी आपल्याबरोबर सही करीन. परंतु आसन नाही म्हणून मॉल नको, हा युक्तिवाद गिरणीत भोंगा कर्कश वाजतो म्हणून गिरणी नको म्हणण्यासारखा झाला.

आक्षेपक : गिरणीचे नाव आपणच काढले, म्हणून सांगतो. विमाननगरचा मॉल ज्या समूहाचा आहे त्याच्या मूळ कंपनीचे नाव आजही फीनिक्स मिल्स असेच आहे. १९०५ साली स्थापन झालेली, मुंबईत लोअर परळला सूत कातणारी आणि कापड विणणारी ही गिरणी. १९८२ च्या संपानंतर गिरणगावाची जी वाताहत झाली ती सर्वांना ठाऊक आहे. पुढे त्याच आवारात मॉल उभा राहिला आणि त्या यशाच्या बळावर कंपनी पुण्यापर्यंत आली. पुण्यातही स्टेशनजवळच्या राजा बहादूर गिरणीच्या जुन्या दगडी इमारतींत आता उपाहारगृहे चालतात. ज्या जागेत कापड निर्माण होत होते त्या जागेत आता परठिकाणचे कापड विकले जाते, याला मी प्रगती म्हणावे की स्थित्यंतर म्हणावे? अर्थशास्त्राच्या दृष्टीने प्रश्न सरळ आहे : त्या इमारतीत शिरलेला रुपया शहरात किती वेळा फिरतो आणि कितव्या हाताला शहर सोडून जातो. पेठेतल्या व्यापाऱ्याचा नफा पुण्यातच मुरत असे; त्याच्या मुलीचे लग्न, वाड्याची डागडुजी, गणेशोत्सवाची वर्गणी, शाळेला दिलेली देणगी, सारे इथेच. जकात होती तोवर माल आत आला की नगरपालिकेच्या नाक्यावर शहराचा वाटा शहराला मिळे. २०१३ मध्ये पुण्याची जकात गेली, एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर आला, व्यापाऱ्यांनी त्याविरुद्ध दुकाने बंद ठेवली, आणि २०१७ च्या जुलैपासून जीएसटी आल्यावर महापालिकेला राज्य सरकारच्या भरपाईकडे डोळे लावून बसावे लागते. आता मॉलमधली विक्री दुप्पट झाली म्हणून महापालिकेच्या तिजोरीत थेट काही पडत नाही. तिला मिळतो तो मिळकतकर. गर्दी मात्र सारी तिच्या रस्त्यावर.

पुरस्कर्ता : रुपया शहर सोडून जातो हे पेठेबाबतही तितकेच खरे आहे, आणि इथे आपल्या आठवणींनी आपल्याला जरा फसवले आहे असे मला नम्रपणे म्हणावेसे वाटते. तुळशीबागेतल्या बांगड्या फिरोजाबादच्या, पितळेची शोभिवंत भांडी मुरादाबादची, लक्ष्मी रस्त्यावरच्या साड्या सुरतेच्या. पुण्यात घडणारी वस्तू पाहावयाची तर कसब्यातल्या तांबट आळीत जावे लागेल, जिथे आज मोजक्याच घरांत हातोडीचा ठोका ऐकू येतो. आणि ती आळी मॉलने बुडवली नाही, स्टेनलेस स्टीलने आणि प्लॅस्टिकने बुडवली, मॉलचे नावही कोणी ऐकले नव्हते तेव्हा. आपण ज्या गोष्टीसाठी शोक करता ती मॉल येण्याच्या कितीतरी आधी घडून गेली होती. आणि ज्या बाजारावर आज आपला एवढा जीव आहे, त्याचा जन्म तरी कुठे निर्विवाद होता? शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणात भरणारा भाजीबाजार हलवून शुक्रवार पेठेत १८८६ मध्ये रे मार्केट उघडले, तेव्हा त्या खर्चाला ज्यांचा कडाडून विरोध होता, त्या जोतीराव फुल्यांचेच नाव पुढे आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने त्या मंडईला दिले गेले. पन्नास वर्षांत विरोध विसरला गेला आणि इमारत शहराची झाली. मॉलचेही तसेच होणार नाही कशावरून?

आक्षेपक : आपण हा दाखला आणलात म्हणून मी खरोखर आभारी आहे, कारण या विषयातला सर्वांत महत्त्वाचा धडा मला त्यातच दिसतो. जोतीरावांचा विरोध नव्या इमारतीला नव्हता. पालिकेचा पैसा आधी कशावर खर्च व्हावा याविषयी तो होता. तो शिक्षणावर व्हावा, असे त्यांचे म्हणणे होते, आणि ते आजही खोटे ठरलेले नाही. परंतु एकदा मंडई उभी राहिल्यावर ती शहराची झाली ती केवळ काळ लोटला म्हणून नव्हे. तिचा धनी नगरपालिका होती. गाळ्याचे भाडे सभागृहात ठरे, ते वाढवावयाचे तर लोकप्रतिनिधींना तोंड द्यावे लागे, आणि गाळ्यावर बसणारी माळीण आईच्या मागून लेक, सासूच्या मागून सून अशी बसत आली. अष्टकोनी मनोऱ्याखाली उंच ओट्यावर, चारी बाजूंनी भाजीच्या राशी रचून मधोमध बसलेली बाई आपण पाहिली आहे. मांडीखाली पैशाचा डबा, उजव्या हाताशी तराजू, आणि गिऱ्हाइकाने भाव पाडून मागितला की तिचा जो आवाज चढतो तो जागेच्या हक्काचा आवाज आहे. मॉलच्या शंभर वर्षांनंतरही तसा आवाज तिथे चढेल असे आपल्याला वाटते काय? तिथे तर आत कोणी यावे हेही मालक ठरवतो. १९९९ मध्ये मुंबईत हाजी अलीजवळ क्रॉसरोड्स उघडला तेव्हा ज्याच्याजवळ मोबाइल किंवा क्रेडिट कार्ड नसेल त्याने प्रवेशशुल्क भरावे असा नियम काढला होता. लोकांनी आवाज उठवल्यावर तो मागे घ्यावा लागला.

पुरस्कर्ता : तो नियम टिकला नाही, ही गोष्टही लक्षात घ्यावी. आणि धनी कोण हाच जर प्रश्न असेल, तर त्याचे उत्तर मॉलच्या विरुद्धच जाईल असे नाही. हडपसरला मगरपट्ट्याचे उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर आहे. शहराची हद्द शेतापर्यंत येऊन ठेपली तेव्हा तिथल्या सुमारे एकशेवीस कुटुंबांनी जमिनी तुकड्यातुकड्यांनी बिल्डरांना विकल्या नाहीत. चारशे एकरांच्या आसपास जमीन एकत्र करून स्वतःची कंपनी काढली, जमिनीच्या प्रमाणात भाग घेतले, आणि वसाहत, कचेऱ्या व पुढे सीझन्स मॉलही उभा केला. काल ऊस लावणारा माणूस आज त्या भाड्यातला वाटेकरी आहे. देशाबाहेरही पाहा. १९९१ मध्ये सोमालियाचे राज्य कोसळले, लाखो माणसे देशोधडीला लागली, आणि त्यांतली पुष्कळ नैरोबीच्या ईस्टली भागात येऊन राहिली. तिथे गरिसा लॉज नावाची एक साधी धर्मशाळेवजा इमारत होती. निर्वासित रात्री ज्या खोलीत झोपत त्याच खोलीत दिवसा कापड आणि किडूकमिडूक मांडून विकू लागले, हळूहळू सारी इमारतच बाजार बनली, आणि तिच्या पाठोपाठ ईस्टलीत असे अनेक मॉल उभे राहिले. अशा विस्कटलेल्या समाजाला छपराखालच्या बाजाराने सावरले; आज खुद्द मोगादिशूत मॉल उभे राहतात तेव्हा त्यांच्या मागे हा अनुभव आहे. एका छपराखाली शेकडो दुकाने, हा आकार श्रीमंतांच्या मालकीचा नाही.

आक्षेपक : ही दोन्ही उदाहरणे मी मनापासून स्वीकारतो, आणि त्यामुळे माझी मूळची भूमिका थोडी सरकली हेही सांगून टाकतो. मॉल हितकारक की अहितकारक, असे विचारणेच मला आता अपुरे वाटते. ईस्टलीत व्यापारी आधी आला आणि इमारत मागून आली; विमाननगरला इमारत आधी आली आणि दुकानदार मागून निवडला गेला. मगरपट्ट्यात जमिनीचा धनी भाड्याचाही धनी राहिला. पण त्याच्याकडे सातबारा होता म्हणून तो राहिला! ज्याच्याकडे सातबारा नाही, हातगाडी आहे, त्याचे काय? २०१४ चा पथविक्रेता कायदा सांगतो की दर पाच वर्षांनी निदान एकदा विक्रेत्यांची पाहणी करावी, लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घ्यावे, आणि नगर पथविक्रेता समितीत त्यांचे प्रतिनिधी असावेत. मॉलच्या दारासमोरून हातगाडी हाकलली जाते तेव्हा ही समिती कुठे असते? संघटित असलेल्यांचा टिकाव कसा लागतो ते पाहावयाचे तर हमालांकडे पाहा. भवानी आणि नाना पेठेतला घाऊक भुसार बाजार गुलटेकडीला मार्केट यार्डात गेला, तेव्हा बाबा आढावांची हमाल पंचायत आणि १९६९ चा माथाडी कायदा हमालांच्या पाठीशी होता. म्हणून बाजाराबरोबर त्यांचे कामही गेले आणि हक्कही गेले. बाजार हलला म्हणून माणूस देशोधडीला लागलाच पाहिजे असे नाही. करार कोणी आणि कधी केला यावर ते अवलंबून आहे.

पुरस्कर्ता : इथे मला एक कठोर प्रश्न विचारू द्या, कारण तो विचारल्यावाचून ही चर्चा केवळ सद्भावनेची होईल. कॅम्पातल्या रस्त्यावरच्या फेरीवाल्यांचे १९९७ मध्ये एका जागी पुनर्वसन झाले आणि फॅशन स्ट्रीट वसली. आपल्याला हवा तसाच हा बाजार. लहान माणसांचा, ज्याचा गाळा त्याच्या हातातला. २६ मार्च २०२१ च्या रात्री त्याला आग लागली आणि सुमारे पाचशे दुकाने जळाली. खेटून उभे असलेले गाळे, छताला लोंबणारे कपडे, बंब आत शिरावयास वाट नाही. आगीपासून रक्षण, पाणी, उजेड, वाहने लावण्याची जागा, या सर्वांना भांडवल लागते; आणि भांडवल घालणारा त्याचा मोबदला मागणार. नगरपालिकेने ते घालावे म्हणाल, तर दीडशे वर्षांपूर्वी जोतीरावांनी विचारलेला प्रश्न पुन्हा उभा राहतो : आधी शाळा की आधी बाजार? खाजगी मॉल निदान शाळेचा पैसा खात नाही.

आक्षेपक : या प्रश्नाला माझ्यापाशी पुरे उत्तर नाही. अर्धे आहे ते सांगतो. मॉलपुढचा रस्ता, उड्डाणपूल, सिग्नल, पाणी, पोलीस, हा सारा सार्वजनिक खर्चच आहे. तो हिशेबात न धरल्यामुळे मॉल स्वस्त दिसतो. शिवाय खाजगी भांडवलालाही चंचलपणा असतो. नगर रस्त्यावरचा इनऑर्बिट मॉल थोडक्या वर्षांत बंद होऊन तिथे कचेऱ्या आल्या. आणि २०२० च्या टाळेबंदीत राज्यातले मॉल मार्चपासून ऑगस्टच्या आरंभापर्यंत बंद होते, तेव्हा शहराला अन्नधान्य पुरवले ते गल्लीतल्या किराणा दुकानाने, तेही कित्येकांना वहीत मांडून. तिसरी वाट सहकाराची आहे. १९४८ मध्ये नायगावच्या कामगारांनी अपना बाजार काढला, आपल्या टिळक रस्त्यावर ग्राहक पेठ उभी राहिली. ग्राहकच मालक, हा विचार या भूमीत परका नाही.

पुरस्कर्ता : परका नाही, पण विरळ आहे. सहकाराला रोज पहाटे उठून राबणारी माणसे लागतात, आणि ती पिढी थकली की संस्थाही थकते. भाड्याच्या लोभाने चालणारी यंत्रणा अशी थकत नाही, हे कटू असले तरी खरे आहे. मॉलला परवाना देताना काही टक्के गाळे स्थानिक लहान विक्रेत्यांना, बचत गटांना, पालिकेने ठरवलेल्या भाड्याने द्यावेत अशी अट घातली, तर मी तिला विरोध करणार नाही. मात्र त्या गाळ्यांचे भाडे शेवटी बाकीच्या दुकानांच्या किमतींत मिसळेल आणि ते आपण सर्व गिऱ्हाइके भरू, एवढे जाणून ती अट घाला.

आक्षेपक : भरू. त्या अटीची मागणी मात्र इमारत उभी राहण्याआधी व्हावयास हवी. नंतर ती केवळ विनंती उरते.

या संवादातल्या दोघांपैकी एकाची बाजू वाचकाने घ्यावी असा माझा आग्रह नाही; माझे स्वतःचे मन आक्षेपकाकडे झुकते, परंतु पाचशे जळालेल्या दुकानांचे उत्तर त्याच्याप्रमाणे माझ्यापाशीही नाही. वाचकांस विनंती एवढीच आहे. २०१७ मध्ये अकरा आणि २०२१ मध्ये तेवीस गावे पुणे महापालिकेत आली. विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला की १९६६ च्या नगररचना कायद्याप्रमाणे त्यावर नागरिकांच्या हरकती व सूचना मागवल्या जातात, आणि त्यांची मुदत थोडी असते. आपल्या भागाचा नकाशा उघडून मंडईसाठी आणि फेरीवाल्यांसाठी जागा राखली आहे की नाही ते पाहावे, आणि नसेल तर मुदतीच्या आत लेखी हरकत नोंदवून तिची पोच घ्यावी.